लोकर अडते

दुसऱ्या ओळीतच लोकर अडली.
सुईला नाही, माझ्या अंगठ्याला.
नखाच्या कडेला उभं राहिलेलं एक सालपट,
कुसळाएवढं,
आणि कोळिष्टकासारखा तो पांढरा धागा
त्यालाच धरून बसला.

साल्मेने चष्म्यावरून पाहिलं, बोलली नाही.
ब्याऐंशी वर्षांच्या तिच्या बोटांवर सुरकुत्याच सुरकुत्या,
पण फट कुठे नाही.
तिची शाल अंगठीतून जाते,
अख्खी शाल, ओतल्यासारखी.
माझी अजून माझ्याच बोटावरून जात नव्हती.

जानेवारीत हाप्सालूला चार वाजताच अंधारतं.
खाडी गोठलेली. स्टेशनात गाड्या येईनाशा झाल्याला
कितीतरी वर्षं झाली. लाकडी फलाट तेवढा उरलाय,
लांबच लांब, निरोपाची सवय न गेलेला.
तिथल्या संग्रहालयाची तिकिटं मी फाडते.
माणूस आला नाही
की स्वतःला.

कधीपासून, ते सांगता येणार नाही.
गणिताच्या तासाला असेल,
किंवा बाबांची होडी धुक्यात होती
आणि आई खिडकीशी उभी राहून
मोठमोठ्याने बटाटे सोलत होती, तेव्हा.
चव मात्र पक्की आठवते:
थोडं लोखंड, थोडं मीठ.

उपाय केले. कडू रंग लावला,
आठवड्याभरात कडू आवडायला लागलं.
चिकटपट्ट्या लावल्या, त्या आधी खाल्ल्या.
हातमोजे घातले,
तर सिनेमा संपेपर्यंत त्यांची टोकं ओली.
रायवो म्हणाला, काय चघळतेयस गं?
म्हटलं, काही नाही.
काही नाहीच होतं ते. रोज थोडं थोडं.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात.
पण मेल्यावर मला शाल विणायची नाहीये.

पुढच्या गुरुवारी साल्मेने माझ्यापुढे
एक वाकड्या टोकाची कात्री ठेवली
आणि मेंढीच्या चरबीची डबी.
म्हणाली, ओढायचं नाही. कापायचं.
जे सुटलंय तेवढंच.
बाकीचं अजून तुझं आहे.

तेवढंच.
हे कुणी आधी का नाही सांगितलं?
मी तर प्रत्येक सुटलेलं टोक
मुळापर्यंत ओढत आले,
बोटांचं, बोलण्याचं, झोपेतल्या विचारांचं,
जिथवर दुखेल तिथवर.

एकवीस दिवस बरे गेले.
बाविसाव्या दिवशी तालिनहून फोन:
तार्मोचा रिपोर्ट उद्या येईल.
उद्या.
सकाळी बघितलं तर अंगठा उघडा पडलेला
आणि शालीच्या चाळिसाव्या ओळीत,
कळीच्या गाठीवर, लाल ठिपका.

मी शाल घेऊन धावत गेले, बर्फातून, बुटांचे बंद न बांधता.
वाटलं, आता उसवेल. उसवलंच पाहिजे.
साल्मे म्हणाली, थुंकी लाव.
काय?
तुझं रक्त तुझ्याच थुंकीने निघतं.
माझ्या नाही निघायचं.

मग मी ती गाठ तोंडात धरली,
दात न लावता,
पहिल्यांदाच
दात न लावता काही तोंडात धरलं,
लोकरीला मेंढीचा वास होता आणि पावसाळी शेताचा.
ठिपका गुलाबी झाला, मग पिवळट,
मग शोधावा लागेल एवढा.
मला माहीत आहे कुठे आहे.

रिपोर्ट बरा आला. बरा म्हणजे बरा,
चांगला नाही.
तार्मो आता रोज संध्याकाळी फोन करतो
आणि दोघं बराच वेळ काही बोलत नाही.

नऊ बोटं गुळगुळीत आहेत.
डावा अंगठा अजून माझ्यावर विश्वास ठेवत नाही,
त्याला रात्री चरबी चोळते,
मारलेल्या कुत्र्याजवळ जावं तशी, बाजूबाजूने.

काय करतेयस? तार्मो विचारतो.
लोकर अडलीय, मी म्हणते,
सोडवतेय.
फोन ठेवू नकोस.